लहान हत्यारे, जुनी यंत्रे : संगणकाच्या तळपातळीवरील दोषशोधन

प्रोग्राममधील किंवा खुद्द यंत्रातील दोष हुडकून काढण्याच्या कामाला संगणकाच्या व्यवसायात डीबगिंग म्हणतात आणि त्यासाठी वापरल्या जाणाऱ्या प्रोग्रामला डीबगर असे नाव आहे. आजच्या संगणकावर असा डीबगर शेकडो मेगाबाइट जागा व्यापून बसला तरी त्याची कोणाला फारशी खंत वाटत नाही, कारण यंत्राकडे जागेची चणचण नसते; परंतु १९७० आणि १९८०च्या दशकांतील ज्या संगणकांची सारी मेमरी कित्येकदा ६४ किलोबाइटांच्या आत होती, त्यांवर तीच जागा तपासला जाणारा प्रोग्राम आणि तपासणारा प्रोग्राम या दोघांना वाटून घ्यावी लागे. या अडचणीतून जी छोटी, तळपातळीवर काम करणारी साधने घडली, त्यांचा विचार प्रस्तुत व्याख्यानात करायचा आहे. तळपातळी म्हणजे प्रोसेसर ज्या आज्ञा थेट पाळतो त्या यंत्रभाषेची, मेमरीतील एकेका बाइटची आणि बाहेरच्या उपकरणांशी देवघेव करणाऱ्या पोर्टांची पातळी होय.

ही साधने नाइलाजाने लहान राहिली, असे सर्रास समजले जाते. परंतु ते अर्धेच सत्य आहे. तपासणारा ज्या यंत्राच्या आत राहून तपास करतो, त्या यंत्राची अवस्था त्याच्या नुसत्या राहण्यानेही बदलते. विहिरीचा तळ पाहायला उतरलेल्याच्या पायांनीच गाळ ढवळला जावा, तसा हा प्रकार आहे. म्हणून साधन यंत्राकडून जितके थोडे मागेल, तितकी त्याची साक्ष अधिक भरवशाची ठरते. लहानपणा हा दोषशोधनाचा एक गुण आहे, आणि जुने संगणक दुरुस्त करणाऱ्यांना व संगणक शिकणाऱ्यांना त्या गुणाची गरज आजही आहे, हे या व्याख्यानाचे प्रतिपादन आहे.

स्विचांपासून मॉनिटरपर्यंत

१९७५ साली बाजारात आलेल्या अल्टेअर ८८०० या संगणकाच्या दर्शनी पट्टीवर स्विचांच्या आणि दिव्यांच्या रांगा होत्या. स्विच वरखाली करून मेमरीतील एखादा पत्ता निवडायचा, त्या पत्त्यावर काय आहे ते दिव्यांवर वाचायचे आणि हवे असल्यास तेथे नवे मूल्य घालायचे किंवा तेथून प्रोग्राम चालवायचा, अशा मोजक्याच क्रिया तिच्यावर करता येत. तरीही पाहणे, बदलणे आणि चालवणे ही दोषशोधनाची तिन्ही मूळ अंगे तिच्यात आलेली होती. हीच कामे टंकयंत्रावरून, अधिक सोईने करून देणारे प्रोग्राम अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत त्याच्या कितीतरी आधी तयार झाले होते. तेथील टीएक्स-० या संगणकासाठी जॅक डेनिस आणि टॉमस स्टॉकहॅम यांनी फ्लिट हा डीबगर लिहिला आणि त्याच परंपरेत १९६१ साली ॲलन कोटॉक यांनी पीडीपी-१ या संगणकासाठी डीडीटी लिहिला. पुढे डिजिटल रिसर्च या कंपनीने आपल्या सीपी/एम या प्रणालीसोबत जो डीबगर दिला, त्यालाही डीडीटी हेच नाव होते.

घरगुती संगणकांचे युग सुरू झाले तेव्हा हे काम रॉममध्ये, म्हणजे वीज गेली तरी न पुसल्या जाणाऱ्या कायमच्या मेमरीत, जाऊन बसले. रॉममधील अशा प्रोग्रामला मॉनिटर म्हणत. पडद्यालाही हेच नाव असले तरी येथे त्याचा अर्थ यंत्रावर देखरेख ठेवणारा प्रोग्राम असा आहे. स्टीव्ह वॉझ्नियाक यांनी १९७६च्या ॲपल-१ साठी लिहिलेला मॉनिटर अवघ्या २५६ बाइटांत मावला होता, आणि तेवढ्या जागेत तो कळफलक वाचत असे, मेमरी दाखवत असे, ती बदलत असे आणि दिलेल्या पत्त्यापासून प्रोग्राम चालूही करत असे. पुढच्या ॲपल-२ वर बेसिक या भाषेतून ‘कॉल -१५१’ असे टंकले की वापरणारा थेट मॉनिटरमध्ये उतरे. १९७७च्या मूळ रॉममध्ये तर यंत्रभाषेच्या आज्ञा अक्षरी रूपात लिहून घेणारा छोटा असेंब्लरही होता.

थांबवण्याची विद्या

मेमरी पाहणे तुलनेने सोपे असते; खरी कसोटी चालत्या प्रोग्रामला नेमक्या जागी थांबवण्यात असते. त्यासाठी ब्रेकपॉइंट, म्हणजे थांबण्याचा टप्पा, वापरतात. त्याची रचना समजण्यासाठी षोडशमान पद्धती ठाऊक असावी लागते. या पद्धतीत शून्य ते नऊ अंकांनंतर दहा ते पंधरा या किंमतींसाठी ए ते एफ ही अक्षरे येतात आणि एक बाइट नेहमी दोन चिन्हांत लिहिला जातो. इंटेलच्या ८०८६ आणि ८०८८ या प्रोसेसरांत ‘सीसी’ हा एका बाइटचा आकडा म्हणजे थांबण्याची आज्ञा आहे. डीबगर इच्छित जागेवरचा मूळ बाइट उचलून बाजूला जपून ठेवतो आणि तेथे ‘सीसी’ लिहितो. प्रोसेसर तेथे पोहोचला की काम सोडून डीबगरकडे वळतो. डीबगर मूळ बाइट परत जागेवर ठेवतो, पुढच्या आज्ञेचा पत्ता एकाने मागे घेतो आणि मग सर्व रजिस्टरे, म्हणजे प्रोसेसरच्या आतील तात्पुरत्या साठवणीच्या जागा, पडद्यावर मांडतो. आज्ञा एकाच बाइटची असण्याला महत्त्व आहे, कारण ती दोन बाइटांची असती तर एका बाइटच्या मूळ आज्ञेवर बसवताना तिने शेजारच्या आज्ञेचाही पहिला बाइट खाल्ला असता.

ही युक्ती रॉममध्ये मात्र चालत नाही, कारण तेथे काही लिहिताच येत नाही. म्हणून ८०८६मध्ये दुसरी सोय आहे: प्रोसेसरच्या स्थितिदर्शक रजिस्टरातील ट्रॅप नावाचा एक बिट चढवला की प्रत्येक आज्ञेनंतर प्रोसेसर आपणहून थांबतो. त्याच्या आधीच्या ८०८० मध्ये असा बिट नव्हता. त्यामुळे सीपी/एमवरील डीडीटीला एक-एक पाऊल टाकायचे असेल तर चालू आज्ञा किती बाइटांची आहे आणि तिच्यानंतर प्रोसेसर कोठे जाईल याचा हिशेब करून पुढच्या जागी ‘आरएसटी ७’ ही एका बाइटची आज्ञा पेरावी लागे. इंटेलच्या एसडीके-८५ या ८०८५ प्रोसेसरच्या शैक्षणिक संचात तर हेच काम घड्याळाकडून करवून घेतलेले आहे. त्याचा दोन किलोबाइटांचा मॉनिटर ८१५५ या चिपमधील टायमर असा लावतो की शिकाऊ प्रोग्रामची एक आज्ञा पुरी होताच ट्रॅप ही न रोखता येणारी व्यत्ययसूचना यावी आणि नियंत्रण मॉनिटरकडे परतावे. एकच गरज तीन यंत्रांवर तीन वेगवेगळ्या मार्गांनी भागवली गेली. त्यातला मार्ग समजून घेणे म्हणजे ते यंत्र समजून घेणे असते.

आयबीएम पीसीवरील डीबग

१९८१च्या ऑगस्टमध्ये आयबीएमने आपला पहिला पीसी जाहीर केला, तेव्हा त्याच्या डॉस या कार्यप्रणालीच्या तबकडीवर डीबग नावाचा एक प्रोग्राम होता. डॉसचे मूळ रूप लिहिणारे टिम पॅटरसन हेच त्याचेही कर्ते होत, आणि ८०८६वर चालणाऱ्या बोर्डांसाठी त्यांनी आधी लिहिलेल्या रॉम-मॉनिटरातूनच तो वाढला होता. जेमतेम सहा किलोबाइटांच्या या प्रोग्रामच्या आज्ञा एकेका अक्षराच्या आहेत: ‘डी’ने मेमरी दिसते, ‘ई’ने ती बदलता येते, ‘यू’ने बाइटांचे वाचनीय आज्ञांत रूपांतर होते, ‘आर’ने रजिस्टरे दिसतात, ‘टी’ने एक पाऊल पुढे जाता येते, ‘जी’ने प्रोग्राम धावतो, तर ‘आय’ आणि ‘ओ’ने पोर्ट वाचता व लिहिता येतात. चालू झाल्यावर तो केवळ एक आडवी रेघ दाखवून आज्ञेची वाट पाहतो. हे साधन जुन्या यंत्रावर काय करू शकते, ते तीन उदाहरणांतून स्पष्ट होईल.

पहिले उदाहरण हार्ड डिस्कचे आहे. मूळ पीसीत हार्ड डिस्कचे कार्ड बसवले आणि यंत्राने ते ओळखलेच नाही, तर पेचकस हाती घेण्यापूर्वी ‘डी एफ०००:एफएफएफ५ एल८’ ही आज्ञा द्यावी. मेमरीच्या शेवटच्या टोकाजवळ बायॉसची, म्हणजे यंत्राला जागे करणाऱ्या रॉमची, तारीख आठ अक्षरांत लिहिलेली असते. पडद्यावर डावीकडे ‘३१ ३० २एफ ३२ ३७ २एफ ३८ ३२’ हे बाइट आणि उजवीकडे त्यांचेच अक्षररूप ‘१०/२७/८२’ उमटते. ही २७ ऑक्टोबर १९८२ची बायॉस असेल तर ती जोडलेल्या कार्डांवरील रॉम शोधते. एप्रिल किंवा ऑक्टोबर १९८१ची असेल तर शोधत नाही, आणि मग कार्ड कितीही चांगले असले तरी दोष त्याच्याकडे नसून बायॉसच्या वयाकडे असतो. तारीख योग्य निघाली तर ‘डी सी८००:०’ने कार्डाची रॉम पाहावी. आरंभी ‘५५ एए’ ही खूण दिसली तर रॉम जागेवर आहे, आणि तिच्यानंतरचा बाइट ती रॉम ५१२ बाइटांच्या किती तुकड्यांची आहे ते सांगतो.

याच रॉममधून १९८०च्या दशकातील संगणक-तंत्रज्ञांच्या तोंडी बसलेली ‘जी=सी८००:५’ ही आज्ञा आली. वेस्टर्न डिजिटलच्या अनेक कार्डांवर रॉमच्या पाचव्या स्थानापासून डिस्कचे प्राथमिक आरेखन, म्हणजे लो-लेव्हल फॉरमॅट, करणारा प्रोग्राम सुरू होतो, आणि ‘जी’ने प्रोसेसरला सरळ तेथे नेता येते. सर्वच कार्डांवर तो त्याच जागी असेल असे नाही. म्हणून आधी ‘यू सी८००:५’ असे म्हणून तेथे खरोखर एखादी सुसंगत आज्ञा आहे की असंबद्ध बाइट आहेत, हे वाचून घेणे हा कामाचा भाग मानला पाहिजे, कारण या आरेखनाने डिस्कवरचे सर्व काही कायमचे जाते. पाठ केलेली आज्ञा आणि वाचून दिलेली आज्ञा यांतला फरक येथे प्रत्यक्ष नुकसानीत मोजला जातो.

दुसरे उदाहरण मेमरीच्या चिपचे आहे. १९८३च्या पीसी-एक्सटीच्या मुख्य बोर्डावर ६४ किलोबाइटांचे चार गट असतात आणि प्रत्येक गटात नऊ चिपा असतात, त्यांपैकी आठ चिपा बाइटच्या आठ बिटांसाठी आणि नववी पॅरिटीसाठी, म्हणजे ते आठ बिट बरोबर वाचले गेले का याच्या पडताळणीसाठी. यंत्र सुरू होताना होणारी चाचणी पार पडते, पण एखादी चिप तापल्यावर चुकू लागते आणि पॅरिटीची चूक दिसताच यंत्र जागीच थांबते. अशा वेळी नऊंपैकी कोणती चिप दोषी आहे हे डीबगने शोधता येते. प्रथम ‘ओ ए० ०’ या आज्ञेने पॅरिटीची व्यत्ययसूचना बंद करावी, म्हणजे चूक होऊनही यंत्र थांबणार नाही. नंतर ‘एफ २०००:० एल८००० ५५’ आणि ‘एफ ३०००:० एल८००० ५५’ या आज्ञांनी तिसऱ्या व चौथ्या गटाचा पूर्वार्ध ‘५५’ने भरावा आणि ‘सी २०००:० एल८००० ३०००:०’ने दोहोंची तुलना करावी. सर्व ठीक असेल तर काहीच उमटत नाही. परंतु ‘२०००:१२०० ५५ ४५ ३०००:१२००’ अशी ओळ आली, तर चौथ्या गटात ‘५५’ऐवजी ‘४५’ वाचले गेले असा तिचा अर्थ होतो. ‘५५’ म्हणजे द्विमानात ०१०१०१०१ आणि ‘४५’ म्हणजे ०१०००१०१. शून्यापासून मोजल्यास चौथा बिट गळाला आहे, आणि बोर्डाच्या आराखड्यात त्या गटाच्या चौथ्या बिटची जी चिप असेल ती बदलायची आहे. एकावर अडकलेला बिट ‘५५’ने सापडेलच असे नाही, कारण तेथे आधीच एक असू शकतो, म्हणून हीच चाचणी ‘५५’चे उलटे रूप असलेल्या ‘एए’नेही करावी लागते. नऊच्या नऊ चिपा उपटण्याऐवजी एकच चिप काढावी लागणे हे चाळीस वर्षे जुन्या बोर्डाच्या दृष्टीने फार मोलाचे असते, कारण प्रत्येक वेळी चिप काढताना खाचेचे किंवा बोर्डावरील तांब्याच्या रेघांचे नुकसान होण्याची भीती असते.

तिसरे उदाहरण भारताशी निगडित आहे. १९९० साली भारतात प्रथम आढळलेला जोशी हा विषाणू, म्हणजे स्वतःची नक्कल करत पसरणारा प्रोग्राम, तबकडीच्या पहिल्याच विभागात घर करत असे आणि ५ जानेवारीला जोशींना वाढदिवसाच्या शुभेच्छा टंकण्याची मागणी पडद्यावर करत असे. यंत्र सुरू होताच तो मेमरीच्या वरच्या टोकाला सहा किलोबाइट जागा बळकावी आणि तेवढी जागा अस्तित्वातच नाही असे डॉसला भासवी. एकूण मेमरीचा आकडा बायॉस ४०:१३ या पत्त्यावर ठेवते. ६४० किलोबाइटांच्या यंत्रावर ‘डी ४०:१३ एल२’ असे म्हटल्यास ‘८० ०२’ दिसले पाहिजे. इंटेलच्या प्रोसेसरांत खालचा बाइट आधी लिहिला जात असल्याने तो आकडा ०२८० असा वाचायचा, आणि त्याचे दशमान रूप ६४० होते. तेथे ‘७ए ०२’ दिसले तर तो आकडा ६३४ होतो, म्हणजे सहा किलोबाइटांचा हिशेब लागत नाही. काही नंतरची यंत्रे स्वतःच्या कामासाठी एक किलोबाइट राखून ठेवतात; त्यामुळे आकडा कमी दिसणे हा संशयाचा आरंभ असतो, निकाल नव्हे.

अशा विषाणूंपुढे डीबगचीही मर्यादा उघड होते. लाहोरमध्ये १९८६ साली तयार झालेला ब्रेन हा विषाणू तबकडीचा पहिला विभाग वाचण्याची मागणी आली की मध्येच अडवून मूळ, निर्दोष विभाग समोर ठेवत असे. म्हणजे डीबगने वाचलेला विभाग स्वच्छ दिसे आणि तबकडी मात्र बाधित असे. यावर उपाय एकच होता: लेखनबंद केलेल्या, खात्रीच्या तबकडीवरून यंत्र नव्याने सुरू करायचे आणि मग तपासणी करायची. पुण्यात १९९०च्या दशकात कैलास आणि संजय काटकर यांनी क्विक हील हे विषाणूनाशक उभे केले. अशा उद्योगाची पायाभूत शिस्तही हीच असते, की बाधित यंत्राच्या तोंडून आलेली साक्ष आधी पारखून घ्यायची.

आणखी खाली

डीबगची दुसरी मर्यादा त्याच्या रचनेतच आहे. पडदा आणि कळफलक यांसाठी तो डॉसवरच अवलंबून असतो, आणि डॉस एकाच वेळी दोन मागण्या पुऱ्या करू शकत नसल्याने डॉसच्या पोटात शिरून पाऊलवार तपास करू पाहणारा डीबग स्वतःच अडकतो. जेथे कार्यप्रणालीच कोलमडलेली असते, तेथे तिच्यावर विसंबणारे साधन निकामी ठरते. म्हणून कमोडोरच्या अमिगा संगणकात रॉमवॅक हा डीबगर रॉममध्येच ठेवलेला होता आणि तो पडद्याचा आधार न घेता सिरियल तारेवरून, सेकंदाला ९६०० बिटांच्या वेगाने, दुसऱ्या टर्मिनलशी बोलत असे. मॅकिंटॉशच्या बाजूला लावता येणारी व्यत्ययाची कळ दाबली की प्रोसेसर हातातले काम सोडून डीबगरकडे वळे. पुढील मॅकमध्ये वेगळा डीबगर बसवलेला नसला तरी रॉममधला छोटा डीबगर उघडे, आणि त्यात ‘एसएम ० ए९एफ४’ व ‘जी ०’ एवढे टंकून अडलेला प्रोग्राम सोडून बाहेर पडता येई.

यंत्र सुरूच होत नसेल तर याहूनही खाली जावे लागते. १९८४च्या पीसी-एटीची बायॉस आपल्या स्वयंचाचणीच्या प्रत्येक टप्प्याचा आकडा ८० क्रमांकाच्या पोर्टवर लिहीत जाते. तो आकडा दोन अंकांत दाखवणारे साधे कार्ड खाचेत बसवले की यंत्र कोणत्या टप्प्यावर अडले ते पडदा काळा असतानाही कळते. यंत्राने करायचे काम एकाच बाइटच्या लेखनावर आणलेले हे साधन लहानपणाची परिसीमा गाठते, आणि नेमक्या त्याच कारणाने ते मेमरी, पडदा व डिस्क तिन्ही बंद असतानाही उपयोगी पडते. उलट १९८५च्या ८०३८६ या प्रोसेसरात थांबण्याच्या चार जागा प्रत्यक्ष सर्किटातच नोंदवण्याची सोय आली, रॉममध्येही ब्रेकपॉइंट लावणे शक्य झाले आणि डीबगर मोठे व सुखकारक होत गेले. ही प्रगती निःसंशय स्वागतार्ह होती. परंतु त्या सुखाबरोबर साधनाच्या खाली नेमके काय घडते हे पाहण्याची सवय मागे पडत गेली.

शिक्षण आणि जतन

महाराष्ट्रातील तंत्रनिकेतने आणि अभियांत्रिकी महाविद्यालये यांमध्ये अनेक वर्षे ही सवय ८०८५च्या प्रशिक्षण-संचावर घडवली गेली. रमेश गावकर यांचे त्या प्रोसेसरवरील पाठ्यपुस्तक समोर ठेवून विद्यार्थी षोडशमानातले बाइट लहानशा कळफलकावरून भरत, चार अंकी पत्ता आणि दोन अंकी मूल्य लाल दिव्यांच्या अंकपट्टीवर वाचत, आणि उत्तर चुकले की एकेक आज्ञा चालवून रजिस्टरे तपासत. अभ्यासक्रम पुढे सरकले हे योग्यच झाले. मात्र त्या संचांना भंगाराची वाट दाखवताना त्यांच्या मॉनिटरची छापील यादी आणि बोर्डाचे आराखडेही रद्दीत जातात, ही हानी टाळण्यासारखी आहे. आयबीएमने मूळ पीसीच्या तांत्रिक पुस्तिकेत बायॉसची संपूर्ण यादी टिपणांसह छापली होती. चाळीसहून अधिक वर्षांनंतरही ती यंत्रे समजतात आणि दुरुस्त होतात, त्याला हे छापील पान मोठ्या प्रमाणात कारणीभूत आहे.

जुन्या संगणकांचे जतन म्हणजे त्यांची पेटी काचेमागे ठेवणे नव्हे. यंत्र चालू राहिले आणि ते का चालते किंवा का अडते हे सांगता येणारी माणसे राहिली, तरच ते जतन ठरते. अशी माणसे तयार करण्यासाठी मोठा खर्च लागत नाही. चालू स्थितीतील एक यंत्र, त्याचा आराखडा, त्याच्या रॉमची यादी आणि काही किलोबाइटांचा एक डीबगर एवढ्या सामग्रीवर महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत हे शिक्षण देता येते. त्यातून हाती येणारी शिस्त जुन्या यंत्रांपुरती मर्यादित राहत नाही: आधी पाहावे, पाहिलेले कशाच्या आधाराने खरे मानायचे ते ठरवावे, एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि बदलण्यापूर्वी मूळ बाइट जपून ठेवावा. ब्रेकपॉइंट लावणाऱ्या प्रत्येक डीबगरने पहिल्या दिवसापासून हा नियम पाळला आहे, आणि संगणकाचे शिक्षण घेणाऱ्या प्रत्येकाने तो एकदा तरी स्वतःच्या हाताने पाळून पाहिला पाहिजे.